सातारा-सांगलीला किती मोठी बॅटरी लागते?

हिरव्या पाटीची, म्हणजे इलेक्ट्रिक, गाडी गल्लीत उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला. "किती देते?" पूर्वी हा प्रश्न मोटारसायकलच्या ॲव्हरेजसाठी असायचा, आता एका चार्जिंगसाठी असतो. साताऱ्यात त्याला शेपूट जोडलेलं असतं, "पुण्याला जाऊन येते का?" सांगलीत विचारतात, "पुण्याला पोचते का?" सातारा-पुणे ११० किलोमीटर आणि सांगली-पुणे २३५. कुठली बॅटरी पुरेशी, याचं उत्तर त्या सव्वाशे किलोमीटरनी बदलतं.

इलेक्ट्रिक कार खपत नाहीत कारण बॅटरी कमी पडते, हे मत पाच-सहा वर्षांपूर्वी बऱ्यापैकी खरं होतं. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा तिच्यात ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी होती. आज त्याच गाडीत ४५ ची मिळते, आणि वरच्या वर्गातल्या महिंद्रा बीई ६ मध्ये ५९ किंवा ७९ ची. एवढं होऊनही २०२४ साली देशात खपलेल्या शंभर प्रवासी कारमध्ये इलेक्ट्रिक होत्या दोन-अडीच. बॅटरी दीडपट-अडीचपट झाली आणि गिऱ्हाईक त्या मानाने हललं नाही, याचा अर्थ घोडं दुसरीकडे कुठेतरी अडलेलं आहे. आमच्या मते ते घरच्या अर्थिंगपाशी, लाइनच्या व्होल्टेजपाशी आणि महामार्गावरच्या बंद पडलेल्या चार्जरपाशी अडलं आहे. बॅटरीची अडचण आहेच, पण ज्यांना आहे ते लोक वेगळे. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी हिशेब. बॅटरीचा एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. इथून पुढे युनिटच म्हणू. मध्यम आकाराची गाडी महामार्गावर ताशी ८० ने चालवली तर एका युनिटात साडेसात किलोमीटरच्या आसपास जाते. १०० ने चालवली तर सहा, आणि ११५-१२० ला नेली तर पाच किंवा त्याहूनही कमी. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलं की नुसती हवा कापायला किलोमीटरमागे दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडतं, पण तिथे इंजिन मुळातच इतकी उष्णता वाया घालवतं की हा फरक त्यात बुडून जातो. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारं थोडं, म्हणून उजव्या पायाचा उतावळेपणा लगेच पडद्यावर दिसतो. शहरात याच्या उलट होतं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत दर सिग्नलला थांबणारी गाडी ब्रेक मारताना वीज परत घेते आणि युनिटला आठ किलोमीटर सहज देते. एसी मे महिन्यात तासाला एक ते दीड युनिट खातो, म्हणजे लोक समजतात तेवढा खलनायक तो नाही.

कागदावरचा आकडा मात्र निराळ्या रस्त्यावर काढलेला असतो. त्या चाचणीचं नाव एमआयडीसी, आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीशी तिचा काही संबंध नाही: मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. प्रयोगशाळेत रोलरवर गाडी पळवतात, वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही, घाट नाही, समोरून वारा नाही. ४५ युनिटच्या नेक्सॉनला तिथे ४८९ किलोमीटर मिळतात. खंबाटकीच्या रस्त्यावर ताशी १०० ने तीच गाडी शंभर टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर येईपर्यंत साधारण २४० किलोमीटर जाते. सांगलीहून स्वारगेट गाठता येतं, पण शेवटचे वीस किलोमीटर नजर रस्त्यापेक्षा टक्क्यांवर जास्त असते. वेग ८० वर ठेवला तर पल्ला ३०० च्या घरात जातो आणि प्रश्न मिटतो. ३० युनिटच्या गाडीला ताशी १०० ने १६० किलोमीटर. साताऱ्याहून पुण्याला ती आरामात जाते. परत यायला पुण्यात बारा-पंधरा युनिट भरावे लागतात, म्हणजे ३० किलोवॉटच्या चार्जरवर अर्धा तास. तेवढा वेळ तर चितळ्यांच्या रांगेत जातो.

आता घाट, कारण आपल्याकडे त्याच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. माणसं-सामानासकट १,८०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला, मोटरमधली गळती धरून, अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त वीज लागते. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की कुठलाही घाट बोटांवर मांडता येतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, महाबळेश्वर १,३५३. म्हणजे मेढ्यावरून वर जाताना नुसत्या चढाईला साडेतीन युनिट, शिवाय ५५ किलोमीटर अंतराचे सात. वर पोचेपर्यंत दहा-अकरा युनिट गेलेले असतात आणि पडद्यावरचा उरलेला पल्ला बघून नवखा माणूस हबकतो. उतरताना चढाईतला साधारण साठ टक्के हिस्सा बॅटरीत परत येतो. जाऊन-येऊन हिशेब सोळा ते अठरा युनिटांवर थांबतो. २४ युनिटची टियागोही हे करून येते, फक्त वर गेल्यावर तापोळ्याचा बेत आखू नये.

या घाटात एक गोष्ट हमखास चुकते. वर मुक्काम असतो, हॉटेलात प्लग मिळतो, माणूस रात्रभर लावून शंभर टक्के करतो आणि सकाळी पसरणीने खाली निघतो. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागाच नसते. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, ब्रेकमधून येणारी वीज घ्यायला नकार देतं. रोज पाय उचलला की आपोआप मंदावणारी गाडी त्या दिवशी मंदावत नाही आणि सगळा भार डिस्क-ड्रमवर पडतो. वरून निघताना ८५-९० टक्के पुरेत. मग उतरताना घाट जे परत देतो त्याला जागा राहते. कासहून यवतेश्वरमार्गे उतरणाऱ्यालाही हेच लागू.

"पण बॅटरी चार वर्षांत बसते" हा दुसरा आक्षेप. तो मोबाइलवरून आणि गेल्या दशकातल्या स्कूटरवरून आलेला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कारमध्ये आता एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. वजनाच्या मानाने ती वीज कमी साठवते. उष्णता मात्र चांगली सोसते, आणि पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या दोन हजारांच्या वर फेऱ्या काढते. सावधपणे दीड हजारच धरू. ३० युनिटच्या गाडीला दर फेरीला २०० किलोमीटर मिळाले तर तीन लाख किलोमीटर होतात. वर्षाला बारा हजार चालवणाऱ्याला ही बॅटरी फेऱ्यांनी संपवताच येणार नाही. ती वयाने थकेल, तेही सावकाश. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आता सर्रास मिळते, काही गाड्यांवर पहिल्या मालकाला १५ वर्षांचीही. एलएफपीचं खरं दुखणं वेगळंच आहे. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली हे बीएमएसला कळणं कठीण जातं. रोज चाळीस ते सत्तर टक्क्यांत खेळवलेल्या गाडीचा काटा हळूहळू खोटं बोलू लागतो, आणि एके दिवशी १२ टक्क्यांवरून थेट ४ वर येतो. उपाय फुकटचा आहे: आठ-पंधरा दिवसांनी एकदा सावकाश चार्जरवर शंभर टक्के करायचं आणि नंतर तासभर प्लग तसाच राहू द्यायचा, म्हणजे सेल एका पातळीला येतात.

आणि रस्त्यात अचानक मेलेली इलेक्ट्रिक कार मोठ्या बॅटरीमुळे मेलेली असण्यापेक्षा छोट्या बॅटरीमुळे मेलेली असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक ईव्हीत नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी असतेच. मोठ्या पॅकला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, तिच्या विजेवर ओढले जातात. ती उतरली की पॅकमध्ये ८० टक्के असोत, गाडी दारातून हलत नाही. तीन-चार वर्षांनी काही हजारांत ती बदलून टाकावी, बंद पडायची वाट बघू नये.

थंडीत बॅटरी कमी चालते म्हणून परदेशातले व्हिडिओ फिरत असतात. शून्याखाली ते खरं आहे. तरी २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. आपल्याकडे काळजी उन्हाची. मे महिन्यात दुपारी सांगली ४० अंशांवर असताना दीडशे किलोमीटर दामटून आलेली गाडी थेट जलद चार्जरला लावली की बीएमएस प्रवाह कमी करतो, आणि चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं. त्यात चार्जरच्या जाळीत उसाच्या हंगामातली धूळ बसलेली असली तर तोही तापून हात आखडता घेतो. ६० किलोवॉट लिहिलेल्या खोक्यातून ३५ येतात आणि दोष गाडीला दिला जातो. शेवटी बॅटरी थंड करायला पंखा-पंप चालतात, त्याची वीजही आपल्याच बिलात.

इथवर बॅटरीची बाजू झाली. आता घराकडे वळू, कारण बऱ्याच अडचणी भिंतीतल्या प्लगपाशी सुरू होतात आणि शोरूममध्ये त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला सुमारे तीन युनिट भरतो. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा युनिट लागतात, म्हणजे दोन तास. इतकं सोपं. पण गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि रिकामी झालेली गाडी आठ तास. गीझरच्या वायरिंगवर रात्रभर पंधरा अँपिअर ओढले की काय होतं ते मोजता येतं. मीटरपासून पार्किंगपर्यंत ३० मीटर, जाऊन-येऊन ६०. जुन्या वायरिंगमधली दीड चौरस मिलिमीटरची तार असेल तर भिंतीतल्या पाइपात दीडशे वॉटच्या वर उष्णता रात्रभर मुरते. सॉकेटची पितळी पकड सैल असेल तर ती उष्णता एका टोकाला साठते. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वास येतो, मग सॉकेट प्लगसकट वितळून एक होतं. यासाठी मीटरपासून थेट वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढावी. २० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि निळा औद्योगिक सॉकेट लावावा. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हवा असेल तर तार ६ ची, अंतर लांब असेल तर १० ची, आणि एमसीबी ४० चा. मंडपवाल्याचं एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही.

अर्थिंग हे तर आपल्या भागाचं खास प्रकरण. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतो. नसेल किंवा कच्चा असेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. घरातला फ्रिज, मिक्सर, पंप सगळं वर्षानुवर्षं नीट चाललेलं असतं, त्यामुळे दोष गाडीत आहे अशी मालकाची खात्री होते. प्रत्यक्षात वीस वर्षांपूर्वी घर बांधताना पुरलेली पट्टी कधीच गंजून तुटलेली असते, किंवा वायरमनने तिसऱ्या पिनला न्यूट्रल जोडून वेळ मारून नेलेली असते. ही जोडणी धोक्याची आहे: कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. तपासणी पाच मिनिटांची. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायचं, तेही घरात लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, लोड असूनही नेमकं शून्य असेल तर तिसऱ्या पिनला न्यूट्रलच जोडल्याचा संशय घ्यावा, आठ-दहा असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा.

साताऱ्याच्या बाजूला हा खड्डा घेणं म्हणजे परीक्षा. हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. दहा फुटांचा रॉड चार फुटांवर अडतो आणि वरून कापून टाकला जातो. पावसाळ्यात तेवढ्यावर भागतं, एप्रिलमध्ये मुरूम कोरडा पडला की रोध चढतो आणि चार्जर पुन्हा रुसतो. जमलं तर बोअरच्या केसिंगजवळची किंवा न्हाणीच्या पाण्याची ओलसर जागा निवडावी. नाहीतर दोन-तीन रॉड सहा-सात फुटांच्या अंतराने ठोकून एकत्र जोडावेत, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार केमिकल भरावं आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत राहावं. रोध पाच ओहमच्या आत आला की काम झालं. सांगलीकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हाच रॉड लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो. तिकडचा त्रास वेगळा, तोही पुढे येईल.

मग व्होल्टेज. नियमाने २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ पेक्षा कमी येता कामा नये. डीपीपासून (रोहित्रापासून) लांब, लाइनच्या शेपटाला असलेल्या वस्तीवर संध्याकाळी सात ते दहा या वेळात १८० मिळणं नवलाचं नाही. तिथे तीन युनिटांचा वेग अडीचवर येतो आणि आणखी घसरलं की चार्जर बंद. रात्री अकराला लोड उतरला की व्होल्टेज सावरतं, म्हणून गाडीच्या ॲपमध्ये सुरू होण्याची वेळ साडेअकराची टाकून ठेवावी. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. वीज जिल्ह्यातून जाते, पण वाडीवरच्या प्लगपर्यंत पोचायला मधली अकरा केव्हीची लाइन, झाडाला घासणारे झंपर (तारांचे जोड) आणि वरचेवर उडणारे डीओ (खांबावरचे फ्यूज) सुधारावे लागतात. चार्जिंग धोरणाच्या चर्चेत या कंटाळवाण्या कामाचं नाव कुणी घेत नाही, आणि खरं धोरण तेच आहे.

बिलाचीही एक मेख आहे. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे, चार्जिंगमधली गळती धरून, १६० युनिट. घरचे आधीचे २५० असतील तर एकूण ३०० ओलांडतं, आणि महावितरणच्या घरगुती टप्प्यांत ३०० नंतरच्या युनिटचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त आहे. गाडी स्वस्तात चालते असं ऐकून घेतलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात बिल बघून घाम फुटतो. दरपत्रकात ई-वाहन चार्जिंगचा स्वतंत्र वर्ग आहे; दोन गाड्या असतील किंवा घरचा वापर मोठा असेल तर वेगळ्या मीटरचा अर्ज करून हिशेब मांडून बघावा. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांना ३ किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिट देतं आणि पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८ हजारांचं अनुदान आहे. गाडी दिवसा घरी उभी नसली तरी नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दिवसाची जादा वीज लाइनला देऊन बिलातून वजा करून घेता येते म्हणून, जमतं.

ज्यांना गच्चीच काय, गाडी लावायला दारही नाही, त्यांचं काय? साताऱ्याच्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात गाडी रोज नव्या जागी लागते. तिथे कितीही मोठी बॅटरी दिली तरी तिला रात्री वीज पाजायची कुठून, हा प्रश्न उरतोच. अपार्टमेंटमध्ये निम्मं भांडण चुकीच्या मागणीमुळे होतं. दहा जणांनी ७.२ किलोवॉटचे चार्जर मागितले की ७२ किलोवॉटचा लोड एकाच वेळी येतो आणि १०० केव्हीएच्या डीपीवर सोसायटीचा अध्यक्ष हात वर करतो. त्याच दहा जणांना तीन किलोवॉटचे साधे पॉइंट दिले तर ३० होतात आणि रात्रभरात प्रत्येकाची गाडी भरून निघते.

घरून निघालेली गाडी महामार्गावर आली की दुसरा अंक. पुणे-बेंगळुरू महामार्गावर चार्जर नाहीत असं आता म्हणता येत नाही. पोचल्यावर ते चालू असतील का, ही भानगड आहे. बंद असण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. कुणीतरी जाता-जाता लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं असतं आणि ते घड्याळाच्या दिशेने फिरवून बाहेर काढलं की मशीन सुरू होतं, हे तिथल्या वॉचमनला कुणी शिकवलेलं नसतं. मशीनमधल्या सिमकार्डला रेंज नसते, म्हणून पैसे भरले जात नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय वीज सुटत नाही. एक फेज गेलेला असतो. आतल्या दोन मॉड्यूलपैकी एक जळालेलं असतं, म्हणून ६० चे ३० मिळतात, आणि दोन्ही गन (केबलच्या टोकाचे प्लग) लागल्या की त्याचेही पंधरा-पंधरा. गनचा खटका तुटलेला असतो. किंवा सगळं ठीक असून समोर डिझेलची एसयूव्ही लावून मालक मिसळ खायला गेलेला असतो. वर प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं, आणि त्यात अडकलेले शे-दोनशे रुपये वेगळे.

हे दुरुस्त का होत नाही? तिथला हिशेब बघा. ६० किलोवॉटच्या मशीनने दिवसभर अखंड काम केलं तर १,४४० युनिट विकता येतील. दिवसाला दोन गाड्या आल्या तर विकले जातात ४५. युनिटमागे आठ-दहा रुपये सुटले असं धरलं तरी हाती चारशे रुपये, आणि त्यातूनच जागेचं भाडं, लोड वापरला नाही तरी भरावा लागणारा मागणी आकार, आणि पुण्याहून यायचा तंत्रज्ञ. शेजारची रसवंती यापेक्षा बरी चालते. मशीन बंद पडल्याने मालकाचं फारसं बिघडत नाही; बिघडतं ते सात टक्क्यांवर पोचलेल्या प्रवाशाचं. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी ठेवलेले आहेत. हे पैसे मशीन उभारण्यावर देण्याऐवजी निम्मे तरी ते चालू राहिलेल्या तासांवर द्यावेत. महिन्यात ९५ टक्के वेळ चालू असेल तर हप्ता, नसेल तर नाही. ज्या मशीनवर सार्वजनिक पैसा लागला आहे, त्याची चालू-बंद स्थिती सगळ्या ॲपना फुकट दिसली पाहिजे. आणि एका जागी एक मशीन ठेवण्यापेक्षा चार गन हव्यात, मग त्या जागा कमी असल्या तरी चालतील. दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कराड ते शिरवळ पट्ट्यात जी रांग लागते, ती बॅटरी मोठी केल्याने कमी होत नाही. ७९ युनिटची गाडी गन जास्त वेळ अडवते एवढंच.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक कारना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी या मार्गांवर टोलमाफी देऊ केली. आनेवाडी आणि तासवडे हे आपले टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर, त्यामुळे आपल्या वाट्याला त्यातलं काही नाही. साताऱ्याहून मुंबईला जाणाऱ्याला ही माफी पुण्याच्या पलीकडे भेटते.

मोठ्या बॅटरीच्या हट्टाची किंमतही मोजू. जागतिक सरासरीने २०२४ मध्ये पॅकचा भाव युनिटमागे ११५ डॉलर होता. पंधरा युनिट जादा घेतले की नुसत्या पॅकचे दीड लाख रुपये, त्यावर नफा आणि कर वेगळे. तीस युनिट जादा म्हणजे दोनशे किलोंच्या आसपास वजन, जणू तीन माणसं कायमची डिकीत बसलेली. हे सगळं वर्षातल्या चार मुंबई-फेऱ्यांसाठी. उरलेले ३६१ दिवस गाडी राजवाडा ते पोवई नाका करते. त्यात सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ईव्हीच्या ५ टक्क्यांमधलं अंतर आकसलं. अशा वेळी दहा लाखांच्या आतली, २५-३० युनिटची, साधी गाडी जास्त खपायला हवी. पल्ल्याची भीती नेमकं त्याच गिऱ्हाइकाला मागे खेचते.

बॅटरी ज्यांना खरोखर कमी पडते त्यांचंही म्हणणं नीट ऐकलं पाहिजे. तासगावचा द्राक्षवाला घ्या. संध्याकाळी माल भरून पहाटे वाशीला पोचायचं, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. छोटा हत्तीची इलेक्ट्रिक आवृत्ती २१.३ युनिटची आहे आणि कागदावर १५४ किलोमीटर दाखवते. तासगाव ते मिरज बेदाण्याची पोती वाहायला ती उत्तम. वाशीला ती जाणार नाही आणि तिला पाठवूही नये. दिवसाला ४०० किलोमीटर काढणारा टॅक्सीवाला, जत-आटपाडीकडे चार्जरविना शंभर-शंभर किलोमीटर हिंडणारा पशुवैद्य, यांना बॅटरीचा आकारच आडवा येतो. त्यांना 'सवय करून घ्या' असं सांगणं उद्धटपणाचं आहे. डिझेलचा कॅन गाडीत टाकता येतो, विजेचा टाकता येत नाही.

आणि पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी वीज आधी जाते आणि कित्येक दिवस येत नाही. पंधरा टक्क्यांवर उभी असलेली गाडी गावभागातून मिरजेच्या उंचवट्यापर्यंत जाईल, पण नातेवाइकांच्या चार खेपा करणार नाही. म्हणून कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पाणी चाळीस फुटांना लागायच्या आत गाडी भरून उंचावर नेऊन ठेवावी. पॅकवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. तीन दिवस गाळात असा तो नाही. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून बघू नये, चार्जरला तर लावूच नये, दोरीने ओढूही नये, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चारही चाकं उचलणाऱ्या गाडीवर घालून न्यावी आणि इन्सुलेशन मोजल्याशिवाय पॅक जोडू देऊ नये. विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घेतलं आहे का, ते जूनमध्येच बघून ठेवावं. आणि भिंतीवरचा चार्जर लावताना इलेक्ट्रिशियन कमरेच्या उंचीला खूण करतो, तेव्हा त्याला त्या भिंतीवरची २०१९ ची पाण्याची रेघ दाखवावी.